भोयर मॅडम आणि पांढरा गाळ

जी नोकरी आपण चौदा वर्षं करतोच आहोत तिचीच मुलाखत दर जूनमध्ये नव्याने द्यायची, हा प्रकार बाहेरच्या माणसाला विनोद वाटतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना वाटत नाही. उन्हाळा आला की त्यांची नेमणूक संपते, जूनमध्ये जाहिरात निघते, आणि परवापर्यंत प्रयोगशाळेच्या किल्ल्या ज्यांच्या पर्समध्ये होत्या त्याच बाई सचिवांच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन बसतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुंदा भोयर अशा चौदा वेळा बसल्या. पंधराव्या वेळी काय झालं ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय, पण एकदम तिथे उडी मारली तर बाई कळायच्या नाहीत.

मी रसायनशास्त्राचा. कायम. हा 'कायम' आमच्याकडे आडनावासारखा लावतात. 'काळे सर, कायम' म्हटलं की शिपाई चहा आधी आणून देतो. भोयर मॅडमचा चहा बहुतेक वेळा येतच नसे. त्या स्वतःच काचेच्या बीकरमध्ये चहा करून पीत. तो बीकर वेगळा ठेवलाय, असं त्या शपथेवर सांगत, तरी त्यांच्या हातचा चहा घ्यायची माझी कधी हिंमत झाली नाही.

मूळच्या काटोलच्या. वडिलांची संत्र्याची बाग. नागपुरात प्रतापनगरला माझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून एका वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. बुटक्या, काटक, पांढऱ्या कोटावर आम्लाने पडलेली भोकं, आणि ती भोकं रंगीत दोऱ्याने रफू केलेली. बाईंच्या मराठी दोन होत्या. वर्गातली छापील, स्वच्छ. आणि राग आला किंवा आनंद झाला की काटोलची. कोणती मराठी चालू आहे ते मुलं व्हरांड्यातूनच ऐकत आणि आत जायचं की नाही ते ठरवत.

त्यांचा आवडता शब्द 'काहून', म्हणजे का. मुलांनी उत्तर बरोबर दिलं तरी 'काहून?' चुकीचं दिलं तरी 'काहून?' एकदा एका मुलाने प्रयोग न करताच वहीत आकडे भरले. मॅडमनी वही उलटसुलट करून पाहिली.

"हे आकडे कुठून आले गा?"

"मॅडम, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून."

"खरं बोलला, चांगलं केलं. मंग मार्क बी मागच्या वर्षीच्या पोरालेच देते. त्याले फोन कर अन् सांग, पास झाला म्हणून."

त्या मुलाने खरोखरच त्या दुसऱ्या मुलाला फोन केला. मॅडमसमोर उभं राहून. पुढे तोच मुलगा रोज सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत येऊन बसायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या वर्गात अशी माणसं का तयार होत नाहीत याचा विचार मी फार खोलात जाऊन केला नाही. सोयीचं उत्तर मिळालं नसतं.

ज्या प्रकल्पाने पंधरावी मुलाखत वेगळी झाली, तो सुरू झाला काजलमुळे. काजल तिसऱ्या वर्षाची, टीमची म्होरकी, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा न देणारी. जिवाणूंमध्ये नवी जनुकं घालून काहीतरी उपयोगाचं करून दाखवायचं, अशी एक विद्यार्थ्यांची स्पर्धा परदेशात असते. तिच्यात उतरायचं काजलने ठरवलं आणि मॅडमना धरलं. कल्पना अशी: जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्कमध्ये जे बारके पण जबरदस्त चुंबक असतात, त्यांच्यात निओडिमियम नावाची धातू असते. ती जमिनीत विखुरलेली, वेगळी काढायला महाकठीण, म्हणून तिच्या जातीच्या धातूंना दुर्मिळ म्हणतात. आपण ती भंगारात फेकतो. अशा धातूला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन निसर्गात काही जिवाणूंकडे असतं. त्याचं जनुक प्रयोगशाळेतल्या साध्या जिवाणूत घालायचं, चुंबक आम्लात विरघळवायचे, त्या पाण्यात जिवाणू सोडायचे, त्यांनी धातू धरली की त्यांना तळाशी बसवून गोळा करायचं.

चुंबक विरघळवायचं काम माझ्या प्रयोगशाळेत, कारण वाफा ओढून नेणारं कपाट माझ्याकडे. पाण्यात धातू किती उरली ते रंगावरून सांगणारं रसायनही माझंच. धातू असेल तर निळसर हिरवं, नसेल तर गुलाबी. एवढाच माझा वाटा. हे नंतरसाठी लक्षात ठेवा, कारण मी विसरायचा प्रयत्न केला होता.

हार्ड डिस्क आणायला मॅडम चार मुलींना घेऊन भंगारबाजारात गेल्या. मी गाडी चालवायला. दुकानदार म्हणाला, या डब्या फोडून मिळत नाहीत, अख्ख्याच न्या. मॅडम तिथेच पोत्यावर बसल्या, पर्समधून पेचकस काढला आणि पहिली डबी तिथेच उघडली. चुंबक सुटला तो थेट त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर जाऊन बसला, दुसरा पहिल्यावर, आणि मध्ये मॅडमचं बोट. रक्त आलं. दुकानदार घाबरला. मॅडम बोट तोंडात धरून म्हणाल्या, "पाह्यलं का वं पोरींनो, किती जीव हाय याच्यात? अन् हे लोक फेकून देऊन राहिले." दुकानदाराने मग जुन्या चादरीवर सगळ्या डब्या ओतल्या आणि मुलींना फोडायला स्वतः मदत केली. निघताना त्याने विचारलं, "मॅडमजी, इसमें सोना निकलेगा क्या?" मॅडम म्हणाल्या, "सोने से अकडू चीज है, भाऊ." उरलेले चुंबक त्यांनी स्टाफरूमच्या लोखंडी कपाटाला नोटिसा लावायला वापरले. एक नोटीस अशी चिकटली की ती काढायला दोन शिपाई लागले.

जनुक कुरियरने आलं. आजकाल जनुकं ऑर्डर देऊन बनवून मिळतात, वाळवलेली, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी. कार्यालयातल्या बाबूंनी पाकीट उघडलं, नळी उजेडाकडे धरली आणि परत पाकिटात टाकली. माल आलेलाच नाही, म्हणाले, नळी रिकामी आहे.

"रिकामी नाई, त्यात जीन हाय," मॅडम म्हणाल्या.

"मले दिसून नाई राहिला."

"मलेही दिसून नाई राहिला. पण हाय."

"मॅडम, साठा रजिस्टरमध्ये मी जे दिसते तेच लिहितो. तीस वर्षं झाली."

मला वाटलं आता भांडण पेटणार. पण त्या हसायलाच लागल्या. "तुमचंही बरोबरच हाय बाबूजी. लिहा जे दिसते ते." आणि बाबूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रिकामी नळी, नग एक.' ती नोंद आजही रजिस्टरमध्ये आहे. त्या दिवशी मॅडम दिवसभर खुशीत होत्या. जे दिसतं तेच लिहिणारा माणूस कॉलेजात आपल्याशिवाय आणखी एक आहे, याचं त्यांना फार बरं वाटलं असावं.

फेब्रुवारीत निकाल आला. जिवाणू घातलेल्या नळीतलं पाणी गुलाबी. जिवाणू नसलेल्या नळीतलं निळं हिरवं. म्हणजे जिवाणूंनी जवळजवळ सगळी धातू धरली. काजल व्हरांड्यात नाचली. मॅडम म्हणाल्या, अजून बिनजीनवाले, म्हणजे नवं जनुक न घातलेले जिवाणू लावून पाहायचे आहेत, तोंड बंद ठेवा. पण आनंद झाकून राहत नाही. दोन दिवसांत संस्थेच्या सचिवांपर्यंत बातमी गेली आणि आठवड्यात कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला: 'कचऱ्यातून खजिना! आमच्या विद्यार्थिनींची झेप!' फ्लेक्सवर सचिवांचा फोटो मुलींच्या फोटोपेक्षा मोठा होता, पण मुलीही होत्या. मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीचे अधिकारी कार्यक्रमाला येणार, कॉलेजला आधुनिक प्रयोगशाळा मिळणार असं ठरलं. सचिव वाईट माणूस नव्हते. संस्था मोठी व्हावी असं त्यांना मनापासून वाटे, फक्त ती लवकर मोठी व्हावी असं वाटे.

कार्यक्रमाला पाच दिवस असताना मॅडम माझ्या प्रयोगशाळेत आल्या. हातात नळी. नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहायची त्यांची सवयच होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"सर, बिनजीनवाल्या जिवाणूंनीबी सगळी धातू धरली. अन् हा गाळ पाहा. जिवाणूंचा गाळ पिवळसर असते. हा पांढरा काहून?"

मी नळी हातातही घेतली नाही. एका नजरेत कळलं. "जिवाणू कशाने धुता?"

"फॉस्फेटच्या पाण्यानं. सगळे तेच वापरतात. कॉलेजात आले तवापासून धुऊन राहिले."

फॉस्फेट आणि निओडिमियम एकत्र आले की पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. हे रसायनशास्त्राचं पोर सांगेल. आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस जिवाणू फॉस्फेटनेच धुतो, हात धुवावेत तितक्या सवयीने. जिवाणूंनी काही धरलंच नव्हतं. धातू त्या पाण्यातच खाली बसली होती. तुलनेच्या नळीत जिवाणू नव्हते, म्हणून धुण्याचं पाणीही नव्हतं, म्हणून तिथे धातू तशीच राहिली. इतकं सरळ. आणि चार महिने माझ्या टेबलावरून त्या नळ्या गेल्या होत्या, मी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, धुता कशाने.

मॅडम स्टुलावर बसल्या. नळी स्टँडमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "माझीच शिकवण. पोरींची चूक नाई."

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "पाच दिवसांचाच प्रश्न आहे. कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मग शांतपणे दुरुस्त करू. जूनमध्ये तुमची मुलाखत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सर, काटोलच्या बाजारात संत्र्याची पेटी भरतात तवा वर मोठी फळं लावतात, खाली बारकी. सारेच करतात. आमचे बाबा बारकी वर लावत. व्यापारी हसत. म्हणत, पाटील, तुमचा माल पाहाले मजा येत नाई. बाबा म्हणत, मजा घरी जाऊन येईल." त्या उठल्या. "मले दुसरं काही येतच नाई. शिकलीच नाई मी."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सचिवांनीही त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. कोणी घातलं ते विचारू नका. मी घातलं. वाटलं होतं, मोठ्या माणसाने समजावलं तर ऐकतील. सचिव गोड बोलले: आहे तसं दाखवा, विज्ञानात दुरुस्त्या होतच असतात. मॅडम 'हो' म्हणाल्या नाहीत, 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. बाहेर काजल उभी होती. तिने विचारलं, "मॅडम, आपण काय करायचं?"

"चूक माझी हाय, ती मी सांगीन. पुढं उभं राहाचं का नाई, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती नाई करत."

काजल म्हणाली, "टेबल मी लावते मॅडम. तुम्ही फक्त बोला."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कंपनीचे दोघे, सचिव, प्राचार्य. दुसऱ्या रांगेत मी. काजलने हार्ड डिस्कपासून गुलाबी नळीपर्यंत सगळं दाखवलं. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडत असतानाच भोयर मॅडम उठून टेबलापाशी गेल्या. रफू केलेला कोट घालूनच. एका नळीत चुंबकाचं पाणी, स्वच्छ. दुसऱ्या नळीत धुण्याचं पाणी, तेही स्वच्छ. त्यांनी दुसरं पहिल्यात ओतलं. मागच्या रांगेतल्यांना दिसावं म्हणून काजलने मोबाइलचा प्रकाश मागून धरला. नळी पांढरी झाली.

"याच्यात एकही जिवाणू नाही," मॅडम म्हणाल्या. छापील मराठी चालू होती. "जे तुम्ही आत्ता पाहिलं, ते आमच्या जिवाणूंनी केलेलं नव्हतं. ते या पाण्याने केलं. मुलींनी हे पाणी वापरलं कारण मी त्यांना ते वापरायला शिकवलं. टाळ्या परत घ्या."

कंपनीच्या थोरल्या अधिकाऱ्याने विचारलं, "म्हणजे जनुक काम करत नाही?"

इथे काटोल आलं. "अजून माहीत नाई साहेब. मिठाच्या साध्या पाण्यानं धुऊन पुन्हा करून राहिलो. आतापर्यंत तरी जीनवाले अन् बिनजीनवाले सारखेच हाय. काम करते म्हणून मी म्हणणार नाई, नाई करत म्हणूनही नाई."

"रसायनशास्त्र विभागाने हे तपासलं नव्हतं का?"

मी बुटांकडे पाहायला लागलो. मॅडमनी फक्त माझं नाव घ्यायचं होतं. तेवढ्याने अर्धा भार उतरला असता.

"तपासाचं काम आमचं होतं," त्या म्हणाल्या.

अधिकारी चहा न घेता गेले. 'कळवतो' म्हणाले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. उतरवलेला फ्लेक्स मॅडमनी मागून घेतला आणि त्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मुलींकडून नवीन प्रयोगाचा आराखडा काढून घेतला. ती प्रयोगशाळेची भिंतच झाली.

एप्रिल-मे दोन्ही महिने त्या मुलींनी काम केलं, आणि नेमणूक संपलेली असूनही मॅडमनी केलं, म्हणून किल्ल्या त्यांच्याकडेच राहिल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून. या वेळी मला न दाखवता काही होत नव्हतं, कारण मी स्वतःच रोज जायला लागलो होतो. काहून, काहून, करत. जनुकवाल्या जिवाणूंनी धातू किंचित जास्त धरली, इतकी किंचित की तीन वेळा करूनही छातीठोकपणे सांगता येईना. स्पर्धेसाठी मुलींनी प्रकल्पाची जी वेबसाइट केली, तिच्या पहिल्याच पानावर पांढऱ्या गाळाचा फोटो लावला, खाली सगळी हकीकत. पंधरा दिवसांनी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या मुलांची ईमेल आली: आम्हीही त्याच पाण्याने धूत होतो, थांबवलं, आभारी आहोत. काजलने ती छापून मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी वाचली आणि चष्मा पुसला. म्हणाल्या, "चला, हे तर कामाला आलं."

मग जून. पंधरावी मुलाखत. पॅनेलवर सचिव, प्राचार्य आणि ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी. मॅडम आल्या, बसल्या. एकही प्रश्न विचारला गेला नाही. सचिवांनी टाइप केलेली नेमणुकीची ऑर्डर टेबलावर ठेवली आणि शेजारी एक कोरा कागद सरकवला.

"मॅडम, चौदा वर्षं तुम्ही आमच्या आहात. मला तुम्हाला घालवायचं नाही. एकच ओळ लिहून द्या. त्या दिवशी गैरसमजातून तसं बोललं गेलं, संस्थेला त्रास झाला, दिलगीर आहे. बस. ही ऑर्डर घेऊन जा."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. कागद जवळ ओढला आणि लिहायला लागल्या. एका ओळीपेक्षा जास्त लिहीत होत्या. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मनात आलं, बरं झालं, वाकल्या. आता यांची रिकामी खुर्ची मला रोज पाहावी लागणार नाही. आपल्यासारखंच कोणीतरी निघालं की माणसाला किती बरं वाटतं, ते मला त्या मिनिटाला कळलं.

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद सचिवांकडे दिला. सचिव चष्मा शोधायला लागले. सापडेना. कागद माझ्याकडे देत म्हणाले, "काळे सर, वाचा हो जरा."

मी मनात आधी वाचला. मग मोठ्याने वाचला. खुर्चीतून उठून वाचायचं काही कारण नव्हतं, पण मी उठलो.

"कोणाचाही गैरसमज झालेला नाही. प्रयोग चुकला होता. चूक माझी होती. ती सर्वांसमोर सांगितली, हे बरोबर केलं. उद्या पुन्हा चूक झाली तर पुन्हा सांगेन. कुंदा भोयर."

प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. सचिवांनी नेमणुकीची ऑर्डर उचलली आणि सावकाश ड्रॉवरमध्ये ठेवली. "मॅडम, प्रयोगशाळेच्या किल्ल्या."

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कुठे आदळल्या नाहीत, नीट ठेवल्या. "येते सर," त्या तिघांनाही उद्देशून म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मी उभाच होतो, म्हणून खिडकीतून मला सगळं दिसलं. बाहेर ऊन असं की डांबर चिकटत होतं. मॅडमनी ओढणी डोक्याला, तोंडाला गच्च गुंडाळली, फक्त डोळे उघडे. मोपेड चालू होईना. एक किक, दुसरी, पाचवी. मागच्या इमारतीत प्रयोगशाळेचं दार मुलींनी सकाळीच उघडलेलं होतं, ते सताड उघडं दिसत होतं. सहाव्या किकला गाडी लागली. कॉलेजचं फाटक डावीकडे आहे, मागची इमारत उजवीकडे. मॅडम उजवीकडे वळल्या.

"या कुठे चालल्या?" सचिवांनी मागून विचारलं.

"कामावर," मी म्हणालो.